जावई आणि गवई

एका तालुक्याच्या गावी एकदा एका व्यापाऱ्याने कर्णयंत्रांचे दुकान थाटले. जाहिरातीचा मजकूर लिहिण्याचे काम त्याने निरंजन नावाच्या तरुणाला दिले. निरंजन एका वृद्ध लेखकाकडे ही विद्या शिकत होता. सारे त्या लेखकाला गुरुजी म्हणत.

निरंजनने लिहिले : 'नात म्हणाली, आजोबा, जावई आलेत! आजोबा म्हणाले, गवई आलेत? मग तंबोरा आणा! तुमच्या घरी असे आजोबा आहेत ना? त्यांना आमच्याकडे घेऊन या.'

जाहिरात छापून आली आणि गावभर हशा पिकला. लोक एकमेकांना ती वाचून दाखवू लागले. दुकानात मात्र कुणी फिरकेना. महिनाभराने व्यापारी म्हणाला, "असंच चाललं तर मला गाशा गुंडाळावा लागेल."

खिन्न मनाने निरंजन गुरुजींकडे आला. "गुरुजी, सगळे हसले. मग माझं चुकलं कुठं?"

गुरुजींनी चपला पायात सरकवल्या आणि त्याला तांबट आळीत दाजीबांच्या घरी नेले. तांब्याची भांडी ठोकण्यात दाजीबांचे आयुष्य गेले होते आणि त्यातच कानही गेले होते.

"यांना तुझी जाहिरात वाचून दाखव," गुरुजी म्हणाले.

निरंजनने वाचली. दाजीबांनी कानामागे हात धरला. "मोठ्यानं बोल, बाळ."

तो ओरडून वाचू लागला. 'गवई' या शब्दापाशी त्याचा आवाज चिरकला. पण दाजीबा वाट पाहत होते, म्हणून त्याने कसेबसे संपवले.

दाजीबा रागावले नाहीत. "असं होतं खरं," ते म्हणाले. "म्हणून तर मी लग्नकार्याला जाणं सोडलं. चार माणसं हसली की मीही हसतो. कशाला हसलो, ते ठाऊक नसतं. पुन्हा सांगा म्हटलं, तर म्हणतात, काही नाही हो, असंच."

निरंजनची मान खाली गेली.

बाहेर आल्यावर गुरुजी म्हणाले, "तुझ्या विनोदाला जे हसले, त्यांचे कान शाबूत आहेत. त्यांना यंत्र नको. ज्याला ते हवं, त्याला तू हशाच्या मधोमध एकटं उभं केलंस. तो त्या दुकानाची पायरी कशी चढेल?"

"मग विनोद गाळून टाकू?"

"गाळू नकोस. विनोद हे मोठं आतिथ्य आहे. फक्त ज्याला बोलावतोस, त्याला हसणाऱ्यांच्या पंगतीत पहिलं पान मांड."

निरंजनने कितीतरी कागद फाडले. अखेर एके सकाळी तो गुरुजींना घेऊन पुन्हा दाजीबांकडे गेला आणि छापायला देण्यापूर्वीच नवा मजकूर त्यांच्या कानाशी मोठ्याने वाचला : 'घरातल्या मंडळींनो, यापुढे जरा जपून बोला. आजोबांनी यंत्र लावलं आहे!'

दाजीबांचे खांदे हलू लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत ते हसले आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून गरजले, "सूनबाई, ऐकलंस का? सांभाळून!"

आतून सूनही खळखळून हसली.

डोळे पुसत दाजीबांनी विचारले, "कुठंशी आहे म्हणालास हे दुकान?"

निरंजनने त्यांना पत्ता सांगितला. मोठ्याने सांगावा लागला, पण या वेळी त्याचा आवाज चिरकला नाही.