पाटाच्या टोकाचे शेत

एकदा राजाच्या जाचाला कंटाळलेल्या काही कुटुंबांनी एका नदीकाठी नवे गाव वसवले. नदीला बांध घातला, शेतांसाठी पाट काढला आणि एक नियम केला. पाण्याचे दार उघडणारा पाटकरी असा नेमायचा, की ज्याचे स्वतःचे शेत पाटाच्या अगदी टोकाला आहे. सर्वांचे भिजल्याशिवाय त्याचे भिजणार नाही.

अनेक पिढ्यांनी गावाला एक उत्तम पाटकरी लाभला. तो तिथल्या वृद्ध गुरूंचा लाडका शिष्य होता. गावाने कौतुकाने त्याचा सत्कार ठेवला आणि पाटाच्या तोंडाशी असलेले गावकीचे सुपीक शेत त्याला बक्षीस दिले. नियमाची आठवण कुणी काढली नाही. सत्काराच्या सभेत नियमाचा विषय काढणे असभ्य समजतात.

शिष्याला घालायला गुरूंच्या हाती हार दिला, तर त्यांनी तो खाली ठेवला.

"शेत घे, नाहीतर दाराची किल्ली घे. दोन्ही नकोत."

"म्हातारबुवा जळतात वाटतं शिष्यावर," मागून कुणी म्हणाले. सभा हसली.

शिष्याचा चेहरा उतरला. "गुरुजी, मी काय चोर आहे?"

"नाहीस, हीच तर अडचण आहे. चोरावर गाव नजर ठेवते. तुझ्यावर कोण ठेवील?"

शिष्याने दोन्ही घेतले आणि टोकाचे जुने शेत दुसऱ्याला कसायला दिले. त्याने कधी कुणाचे पाणी चोरले नाही, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. आपले शेत भिजले की त्याला वाटे, गाव भिजले. मग तो दार मिटून घेई.

उन्हाळ्यात टोकाच्या शेतातली सगुणाबाई त्याच्याकडे आली. "हरभरा गेला रे बाबा. आता भुईमूगही वाळतोय."

"मावशी, मी तर रोज पाणी सोडतो!"

"सोडतोस. येत नाही."

"मग आधी का नाही बोललीस?"

"तू देवमाणूस. देवमाणसाची तक्रार कुणाकडे करायची?"

शिष्य तिच्याबरोबर पाटाने खाली चालत गेला. जमिनीला भेगा पडल्या होत्या. तिथून तो तडक गुरूंकडे गेला.

गुरू म्हणाले, "पूर्वजांनी माणसाला वाईट ठरवले नव्हते. दुसऱ्याची तहान माणसाच्या लक्षात राहत नाही, एवढेच त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी सत्ता तहानेजवळ ठेवली. आपण ती कौतुकाने उचलून पाण्याजवळ नेली."

शिष्याने सभा बोलावली. शेत परत करून आणि किल्ली पुढे ठेवून म्हणाला, "जुना नियम परत आणा."

पाटाच्या तोंडाशी बरीच जमीन असलेला एक व्यापारी उठला आणि त्याने किल्ली उचलली. "नियम कशाला? याचे शेत पाटाच्या तोंडाशी असून तुम्हाला चालले, मग माझे का चालू नये?"

सभेला हे म्हणणे बिनतोड वाटले. सगुणाबाई पदर सावरून उठली आणि घरी गेली. शिष्याला तेव्हा उमगले, की व्यापाऱ्याला आत यायला वाट आपल्याच चांगुलपणाने करून दिली.

भल्या माणसासाठी आपण नियम आनंदाने सैल करतो. त्याच्यानंतर कोण येणार, हे मात्र विचारायचे राहून जाते.