विहिरीचं चाक

"मग वर नुसतं कोमट पाणीच का येतं, बाबा?"

विचारणारे निरंजन आगटे, वाळवंटातल्या तेलविहिरीचे इंजिनिअर. ऑफिसला विचारायला कमीपणा वाटत होता, म्हणून ते शेजारच्या टेकाडावर नूरशाह फकिराच्या झोपडीत आले होते.

विहिरीतलं तेल इतकं दाट, की त्यावर बसलेली माशी बुडण्याआधी म्हातारी होऊन मरायची. ते पातळ व्हावं म्हणून आगट्यांनी बारा दिवस जमिनीत वाफ सोडली होती. आता विहीर बंद ठेवून ती वाफ आत मुरू द्यायची होती. सोमवारी मोठे साहेब येणार होते. तेल दिसलं नाही, तर विहिरीत सिमेंट ओतून ती कायमची बुजवणार होते.

विहीर उघडायच्या व्हॉल्व्हचं चाक आगटे पिशवीतच घालून फिरत. दुसऱ्या कुणी हात लावायला नको.

"रोज उघडतोस?"

"सकाळी एकदाच. जरासं. अंदाज घ्यायला."

फकिरानं पिशवीकडे पाहिलं.

पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली डोकावत होती, थंडीनं गोठून पांढरीफटक. त्यानं ती मागून घेतली आणि घोंगडीखाली काखेत धरली.

थोड्या वेळानं काढली, उलटी केली. थेंब नाही. पुन्हा काखेत. पुन्हा बाहेर. पुन्हा आत...

पाचव्या खेपेला आगट्यांना राहवेना.

"बाबा, सारखी बाहेर काढलीत तर ती वितळणार कशी? ऊब आत राहायला नको?"

फकिरानं बाटली काखेत ठेवली आणि दुसरा हात पुढे केला. तळवा वर.

आगट्यांनी हाताकडे पाहिलं. मग पिशवीकडे...

"म्हणजे उघडायचीच नाही? एकदम साहेबांसमोर? आणि नाहीच आलं तर?"

हात तसाच.

बाहेर उंट दोनदा ओरडला. तिसऱ्यांदाही ओरडला असता, पण पुढचं त्यालाही ऐकायचं होतं.

आगट्यांनी चाक काढून त्या तळव्यावर ठेवलं. वजनानं फकिराचा हात जरा खाली गेला.

"आणि माझी बाटली?"

"सोमवारी ने," फकीर म्हणाला. "जाताना दार ओढून घे."