हेलपाट्याचे पैसे

एकदा एका पेठेच्या गावी पिठाच्या गिरण्या दुरुस्त करणारा एक वृद्ध कारागीर राहत असे. त्याचा शिरस्ता पंचक्रोशीला ठाऊक होता आणि आवडत मात्र कोणालाच नव्हता. बोलावणे आले की तो जाई, आधी हेलपाट्याचे वीस रुपये मागून घेई आणि मगच गिरणीला हात लावी. बिघाड निघाला तर दुरुस्तीचे पैसे निराळे. नाही निघाला तर ‘काही झालेलं नाही’ एवढे सांगून वीस रुपयांसह घरी परते. लोक म्हणत, म्हातारा चालण्याचेसुद्धा पैसे घेतो!

त्याच्या शिष्यालाही हे पटत नसे. बारा वर्षे शिकून त्याने स्वतःचा धंदा थाटला, तेव्हा बाजारात सांगूनच टाकले, ‘बघायचे पैसे नाहीत. बिघाड निघाला तरच द्या.’ फुकट ते पौष्टिक! महिन्याभरात म्हाताऱ्याची निम्मी गिऱ्हाइके त्याच्या दारात आली.

एके दिवशी चार कोसांवरच्या एका व्यापाऱ्याने त्याला बोलावले. गिरणीतून पीठ सुटून पडत नव्हते. शिष्याने मूठभर गहू हातात घेतला मात्र, त्याला सगळे उमगले. गहू दमट होता. दोन दिवस उन्हात पसरला की काम भागणार होते. पण तेवढेच सांगितले तर चार कोस हात हलवत परत जायचे. त्या आठवड्यातली अशी ही तिसरी खेप होती आणि घरातले डबे रिकामे होत आले होते. त्याच्या तोंडून निघून गेले, “शेठ, दगड गुळगुळीत झालाय. टाकी लावून नव्या खाचा पाडाव्या लागतील.”

मग वरचा धडधाकट दगड उतरवून त्याने त्यावर दिवसभर छिन्नी चालवली आणि दोनशे रुपये घेऊन तो घरी आला. बारा वर्षांत तो दगडाविषयी कधी खोटे बोलला नव्हता. सकाळी उठून तो गुरूकडे गेला आणि त्याने सारे सांगितले. आपल्या हाती आता छिन्नी शोभत नाही, असेही म्हणाला.

म्हाताऱ्याने ऐकून घेतले, पायांत वहाणा सरकवल्या आणि म्हणाला, “ते दोनशे बरोबर घे. चल.”

शिष्याला व्यापाऱ्यासमोर पैसे ठेवायला लावून गुरू म्हणाला, “शेठजी, हे तुमचे परत. बिघाड नव्हता, ह्यानं उगाच टाकी लावली. आता ह्याला हेलपाट्याचे वीस द्या.”

“वा रे न्याय!” व्यापारी उसळला. “माझा दगड झिजवला, वर मीच पैसे देऊ?”

शिष्यालाही जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे असे झाले. म्हातारा मात्र शांतपणे बोलला.

“खोटं बोलला, ही त्याची चूक. दिवसभराची मजुरी त्यापायी गेलीच. पण ‘काही झालेलं नाही’ हे सांगायला ज्याला काहीच मिळत नाही, त्याला प्रत्येक गिरणीत काहीतरी झालेलं दिसू लागतं. मी वीस रुपये चालण्याचे घेत नाही, शेठजी. पुढे माझ्या तोंडून निघेल ते खरं निघावं, म्हणून आधी घेतो. उपाशीपोटी खरं बोलणारी माणसं असतात. मी त्यांतला आहे, असा भरवसा मला माझा कधीच वाटला नाही.”

व्यापाऱ्याने शिष्याकडे वळून विचारले, “तूच सांग. काय झालं होतं माझ्या गिरणीला?”

शिष्याचे कान तापले. पण मान वर करून तो म्हणाला, “काही नव्हतं झालं, शेठ. गहू दमट आहे, उन्हात टाका. आणि दोन दिवस पिठात कच लागेल, ती माझ्यामुळे.”

व्यापाऱ्याने वीस रुपये त्याच्यापुढे सरकवले. शिष्याचा हात पुढे होईना.

“घे,” गुरू हळूच म्हणाला. “हे आज कमावलेस.”

आपल्या दारी आलेला मिस्त्री ‘काही बिघडलेलं नाही’ म्हणाला, तर त्याच्या हेलपाट्याचे पैसे कुरकुर न करता द्यावेत.