हुंकाराच्या वशाची कहाणी

ऐका हुंकारमाते, तुमची कहाणी.

ती सुरू होते एका मुठीपासून. नगर आटपाट, महिना श्रावण, वार शुक्रवार. कासारआळीतल्या बायका सकाळी कहाणीला बसल्या होत्या. प्रत्येकीच्या मुठीत अक्षता. कहाणी संपेपर्यंत मूठ उघडायची नाही, अशी तिथली रीत. गोदाक्का कासारणीची सून आवडी, तीही बसली. तिनं अक्षता घेतल्या, मूठ वळायला गेली, तर मूठ वळेना. बोटं अर्ध्यात थांबली. फटीतून एक दाणा पडला, मग दुसरा पडला, मग सगळेच मांडीवर पडले. आवडी दचकली. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, मांडीवर पदर ओढला. कोणाला दिसलं नाही असं तिला वाटलं. पण शेजारी बयोकाकू बसल्या होत्या, त्यांचे डोळे कहाणीवर कधीच नसत.

"अगं, अक्षता सांडल्यास?"

"चुकून हो, काकू."

"चुकून? देवाची कहाणी चाललीय आणि चुकून?"

झालं. कहाणी संपायच्या आत ते गोदाक्काच्या कानावर गेलं. देवाला नारळ ठेवला, सुनेला उपास घडवला. आवडीनं उपास केला. दुसऱ्या दिवशी उठली, बोटं तशीच.

आता हे घर कसं होतं? घर बरं होतं. गोदाक्का नगरातल्या लेकीसुनांना बांगड्या भरी. मुलगा दौलत पेटारा घेऊन बाजारोबाजार फिरे. मुलगी ठकू लग्नाची झाली होती, आरशापुढून हलत नव्हती. खायला होतं, हसायला होतं, सुनेवर मायाही होती. फक्त एक होतं. त्या घरात वाईट गोष्टीचं नाव घेत नसत. बांगडी फुटली तर फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. दिवा विझवायचा नाही, दिव्याला निरोप द्यायचा. घरातून निघताना जाते म्हणायचं नाही, येते म्हणायचं. आणि बांगड्या भरताना गोदाक्का हात दाबत दाबत विचारी, "दुखलं का ग?" समोरच्या बाईच्या डोळ्यांत पाणी असे, तरी ती म्हणे, "नाही हो अक्का." दिवसभर हेच चाले. विचारणारी उत्तरासाठी थांबत नसे, सांगणारी खरं सांगत नसे. कोणाला त्यात वावगं वाटत नसे. आवडी त्या घरची सून. तीही तेच शिकली.

मग काय झालं? बोटांचं मनगटात गेलं, मनगटातून कोपरात गेलं, मग गुडघ्यातही उतरलं. सासूनं विचारलं, "चेहरा का ग उतरलाय?" आवडी म्हणाली, "काही नाही." नवऱ्यानं विचारलं, "लंगडतेस काय?" आवडी म्हणाली, "काही नाही." नणंदेनं विचारलं, "वहिनी, रात्री कण्हत होतात का?" आवडी म्हणाली, "मी? छे, मांजर असेल." घरात मांजर नव्हतं.

आणि हे दुखणंही लबाड. सकाळी तिला लुगड्याची गाठ मारता येत नसे. ऊन चढलं की बोटं सैल होत. दुपारी ती पीठ मळी, रांगोळी काढी, बायकांनी ओढलं तर फुगडीही खेळे. ठकू हसे. म्हणे, "सकाळी मूठ वळत नाही, दुपारी फुगडीला हात घट्ट. वहिनी, तुमचं दुखणं ऊन बघून येतं वाटतं?" सगळ्या हसत. आवडीही हसे. रात्री उशीत तोंड घालून विचार करी, खरंच मी नाटक करते की काय? इतकं झालं. स्वतःचं दुखणं स्वतःलाच खरं वाटेना.

मग एके दिवशी प्रधानाच्या घरून बोलावणं आलं. तिथल्या सुनेचं डोहाळजेवण होतं, हिरवा चुडा भरायचा होता. मुहूर्त सकाळचा. गोदाक्का म्हणाली, "आवडे, एक हात मी भरते, एक तू भर. वेळेत व्हायचं." आज जमणार नाही, असं आवडीच्या तोंडापर्यंत आलं. मग म्हणाली, "बरं."

प्रधानाकडे गेल्या. पाटावर बसल्या. आवडीनं त्या मुलीचा हात हातात घेतला, पहिली बांगडी चढवली, दुसरी चढवली, तिसरीला अंगठा सरकला. बांगडी कट् झाली. तिच्याखालची कट् झाली. मुलीच्या मनगटावर रक्ताचा थेंब आला. वाजंत्री थांबली. वाढल्या म्हणायलाही कोणाला सुचेना. गोदाक्कानं पुढं होऊन हात पुसला, उरलेला चुडा भरला, पेटारा आवरला.

घरी आल्यावर ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "आवडे, माहेरी जा. हात बरे कर. बरे झाले की ये."

"आणि नाही झाले तर, आत्याबाई?"

गोदाक्का बांगड्यांच्या माळा सारख्या करत बसली.

आवडीनं देवाला नमस्कार केला, गाठोडं घेतलं, उंबऱ्याशी "येते" म्हणाली आणि निघाली. बायांनो, घाबरू नका, पुढं कोणी मरत नाही. मी आधी वाचून बघितलंय.

मग वाटेत नदी लागली. नदीपलीकडं माहेर. माहेरी भाऊ होता, भावजय होती. ती विचारणार, किती दिवसांसाठी आलात? काय सांगायचं? आवडी काठावर बसली. इतक्यात करंजाच्या झाडामागून आवाज आला. कोणी कण्हतंय, कोणी हसतंय, आणि मध्येच सगळ्या मिळून म्हणताहेत, "हूं." आवडी घाबरली. उठून झाडाआड लपली. हळूच पाहिलं, तर डोहाच्या कडेला सात बाया बसलेल्या. केस ओले, लुगडी हिरवी, पावलं पाण्यात. त्या होत्या साती आसरा, पाण्याच्या देवता. एक बोलत होती, सहा जणी ऐकत होत्या. धाकटीला डुलकी लागली. शेजारणीनं तिला चिमटा काढला. ती दचकून म्हणाली, "हूं, हूं, ऐकतेय."

थोरली मान न वळवता म्हणाली, "बाई, बाहेर ये. लपलीस, पण पाय उघड्यावरच ठेवलेस."

आवडी लाजली. पुढं आली, हात जोडले. "बायांनो, कसला वसा वसता?"

"हुंकाराचा."

"पण तुम्हाला कसलं दुखणं? तुम्ही देवता."

"राजानं वर बांध घातला, तेव्हापासून माझी कंबर धरलीय. खोटं वाटतं?"

"नाही हो, नाही हो."

"बघ. किती पटकन म्हणालीस. तुझ्या तोंडात दुसरा शब्द आहे का नाही?"

आवडी म्हणाली, "मला हा वसा द्या."

"घेशील, चार दिवस पाळशील, पाचव्या दिवशी कंटाळशील."

"कंटाळेन, पण सोडणार नाही."

थोरलीला हसू आलं. असं खरं तिला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणाली, "मग ऐक. याला वार नाही, तिथी नाही. ज्या वेळी अंग दुखेल ती वेळ. आपल्या माणसाला हाक मारावी. समोरून ओ आली की बसावं, मग सांगावं. सांगणारीनं काही नाही म्हणू नये. कमी करून सांगू नये, वाढवून सांगू नये. ऐकणारीनं औषध सांगू नये. आपलं दुखणं मध्ये घालू नये. होईल बरं म्हणून उठून जाऊ नये. नुसतं हूं म्हणावं. घरात गूळ असला तर शेवटी दोघींनी खावा, नसला तर पाणी प्यावं. झाला वसा."

आवडीनं विचारलं, "यानं हात बरे होतात?"

"नाही."

"मग काय होतं?"

धाकटी म्हणाली, "दुखतं तेवढंच. पण एकटीला दुखत नाही. तू सांगून तर बघ."

आवडी बसली. "काही विशेष नाही, म्हणजे..." शेजारणीनं तिलाही चिमटा काढला. आवडी म्हणाली, "दुखतं."

"कसं?"

आवडीनं कधी विचारच केला नव्हता. डोळे मिटले, बोटांकडं लक्ष दिलं. मग म्हणाली, "रात्री आपण हरभरे भिजत घालतो ना, तसे कोणीतरी माझ्या सांध्यासांध्यांत हरभरे घालून ठेवलेत. पहाटेपर्यंत ते फुगतात. कातडी पुरत नाही. मला माझाच हात उचलून ठेवावा लागतो, दुसऱ्याचं तान्हं असल्यासारखा. ऊन चढलं की सुकतात. मग मी सगळं करते, सगळ्यांना वाटतं बरी आहे. मलाही वाटतं. आणि रात्री पुन्हा कोणीतरी पाणी घालतं."

सातीजणी म्हणाल्या, "हूं."

आवडी थोडी रडली. रडून झाल्यावर तिला भूक लागली. आसरांनी तिला गुळाचा खडा दिला. तो ओला होता, पण गोड होता. थोरली म्हणाली, "आमच्या हूंवर भागणार नाही हो. आम्ही पाण्यातल्या. ज्या घरात राहायचं, त्या घरातली हूं मिळव."

रात्र काठावरच काढून आवडी सकाळी उठली. माहेरची वाट सोडली, घरची धरली. मनात धाकधूक. हात तर बरे झाले नाहीत, घेतील का घरात? वाटलं, आधी वाटेत सांगून बघावं.

विहिरीवर कुंभारीण भेटली. आवडी म्हणाली, "बाई बाई, माझे हात दुखतात." कुंभारीण म्हणाली, "एरंडाचं पान बांध. नाहीतर निर्गुंडीचा शेक. नाहीतर आमच्या मावसभावाकडं जा, तो मंत्र घालतो." हूं काही म्हणाली नाही. आवडी पुढं गेली.

वेशीत तेलीण भेटली. आवडी म्हणाली, "बाई बाई, माझे हात दुखतात." तेलीण म्हणाली, "हात ना? माझा गुडघा बघ. हा बघ. आणि हा दुसरा, हा तर विचारूच नको." आवडीनं दोन्ही गुडघ्यांना हूं म्हटलं आणि पुढं गेली.

आळीच्या तोंडाशी ठकू भेटली. ठकू धावतच आली. "वहिनी! आलात? मला काल वेणी घालता आली नाही, आई घालते ती ओढून ओढून घालते."

आवडी म्हणाली, "वन्सं, माझे हात दुखतात."

"होईल हो बरं!" ठकू म्हणाली, आणि आईला सांगायला पळाली.

मग आवडी दारात आली. दार नुसतं लोटलेलं. आत बांगड्यांची किणकिण. तिनं हाक मारली, "आत्याबाई!" किणकिण थांबली. ओ आली नाही. समोरच्या खिडकीत बयोकाकू येऊन उभ्या राहिल्या. आवडीला वाटलं, मागं फिरावं.

तिनं दुसऱ्यांदा हाक मारली. "आत्याबाई, मी आलेय. हात बरे झाले नाहीत. सकाळी जास्त दुखतात, दुपारी कमी. उद्याचं मला सांगता येत नाही." इतकं स्पष्ट ती त्या घरात कधी बोलली नव्हती. ओ आली नाही.

मागल्या दारानं ठकू बाहेर आली. हळूच म्हणाली, "वहिनी, आई आत बसलीय. तुम्हाला घालवल्यापासून जेवली नाही. मला म्हणाली, गावातल्या साऱ्या बायांचे हात माझ्या हातांत येतात, सुनेचा एकदाही धरून पाहिला नाही. आता ती मला उपाय विचारेल, आणि माझ्याकडे उपाय नाही. कोणत्या तोंडानं ओ देऊ?"

ते ऐकून आवडीची भीती निम्मी गेली. ती उंबऱ्यावर बसली. दाराला तोंड लावलं. तिसऱ्यांदा हाक मारली, पण ओरडून नाही, जवळच्या माणसाला मारतात तशी.

"आत्याबाई, मला औषध नको. तुम्ही काही करायचं नाही. मी सांगेन, तुम्ही नुसतं हूं म्हणायचं. आहे अशी मी आत येऊ का?"

बयोकाकूंनी खिडकीतून मान पुढं काढली. आत पाट सरकल्याचा आवाज आला. एक पाट, मग दुसरा. आणि मग आतून गोदाक्का म्हणाली,

"ओ, आवडे. ओ."

जशी आवडीची हाक पोचली, तशी तुमची आमची पोचो. जशी गोदाक्कानं ओ दिली, तशी तुमच्या आमच्या तोंडून वेळेवर येवो. साठ वेळा गिळलेली गोष्ट पाच शब्दांत सांगून झाली. कहाणी सुफळ झाली, इथं पुरी झाली.