शालीचं टोक

"पण ते येणार कधी, बाबा?"

खाडीच्या काठावर हसाजीनं पुन्हा तेच काढलं. संदेष्ट्यानं सांगून ठेवलं होतं, की एक दिवस परक्या राष्ट्रांतली माणसं आपल्या इस्राएल लोकांचं, यहुद्यांचं, वस्त्र धरतील आणि म्हणतील, आम्हालाही तुमच्या देवाकडे न्या. हे वचन तोंडपाठ झाल्यापासून स्वारीचे पाय जमिनीला लागत नव्हते.

"येतील," एलोजीबाबा म्हणाले. गावची प्रार्थना तेच चालवत आणि हसाजीला शिकवतही तेच. "मला त्याचीच धास्ती वाटते."

धास्ती? हसाजीला हसूच आलं. म्हातारपण, दुसरं काय!

शुक्रवारची उन्हं कलली होती. सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस, लागायच्या आत पलीकडच्या गावी पोचायचं, तर ओहोटी आहे तोवर खाडी पायी ओलांडायला हवी होती. चिखलातली वाट बाबांना ठाऊक. दर शुक्रवारी ते पुढे चालत आणि हसाजी त्यांच्या शालीचं टोक धरून मागे.

काठावर एक काबुली हिंगवाला गाठोडं घेऊन ताटकळला होता. तो जवळ आला.

"तुम्ही देवाची माणसं. मी पण येतो तुमच्या मागे."

हसाजीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यानं आपल्याच शालीचं टोक पुढे केलं.

"धर. भिऊ नकोस, देव आहे आमच्याबरोबर."

एलोजीबाबा मागे सरले आणि त्यांनी हिंगवाल्याचं गाठोडं धरलं.

हसाजी निघाला. इतके शुक्रवार त्यानं बाबांची पाठ तेवढी पाहिली होती, पायाखालची वाट कधी पाहिलीच नव्हती. अर्ध्यावर त्याचा पाय गुडघ्यापर्यंत रुतला. कसाबसा उपसला, तर दुसरा रुतला. भरती लागली होती. डावीकडे, उजवीकडे, सगळीकडे सारखाच काळा चिखल.

तो भ्यायला. मरणाला तर भ्यायलाच, पण शालीला मागून बसणारी ती ओढ त्याला जास्त भिववत होती. हिंगवाला बिनघोर उभा होता.

"चला ना," तो म्हणाला.

"बाबा… वाट कुठली?"

पाणी मांड्यांना लागलं.

"बाबा, पुढे या! हा माणूस बुडेल हो माझ्यापायी!"

"मला काय विचारतोस, हसाजी? ज्याच्या नावावर आम्हाला बोलावलंस… त्याला विचार."