धाकू मेस्ताची ओली गाठ

फार वर्षांपूर्वी, म्हणजे आमच्या खाडीत गाळ भरला नव्हता आणि गलबतं थेट गावच्या पिंपळापर्यंत येत होती तेव्हा, इथे एक गोदी होती. आता तिथे चिखल आहे आणि खेकडे आहेत. शहरातले लोक गोदी बघायला येतात, चिखलात चपला घालवतात आणि आमच्यावरच चिडतात. बघायला काही नाही. ऐकायला आहे, ते ऐका.

त्या गोदीत धाकू मेस्त गलबतं बांधायचा. सुताराचा मुलगा. मुंबईच्या गोदीत राहून तो वाफेचं इंजिन गलबतात कसं बसवायचं ते शिकून आला, आणि आल्यावर लोक त्याला इंजनेर म्हणायला लागले. तोवर आमच्या किनाऱ्यावर इंजनेर हा शब्दच कोणी ऐकला नव्हता. म्हाताऱ्या बायकांना वाटलं, हा कुठला तरी नवा देव.

धाकू लाकूड आणायला डोंगरात जायचा तेव्हा कुऱ्हाड खाली ठेवायचा. झाडाला मिठी मारायचा, कान लावायचा आणि विचारायचा, “दर्यात येतंस?” झाड हो म्हणालं तर तोडायचा. नाही म्हणालं तर पाया पडून परत यायचा. असं म्हणतात. झाड कसं बोलतं ते मला विचारू नका. तुम्ही कधी मिठी मारून बघितलीत का?

दुसरी गोष्ट त्याच्या दोऱ्यांची. धाकूला लिहिता येत होतं, पण कागदाला वाळवी लागते म्हणून त्याचा कागदावर विश्वास नव्हता. एका गलबताची एक दोरी, काथ्याची, त्याने स्वतः वळलेली. लांबीची गाठ, रुंदीची गाठ, डोलकाठीची गाठ. आणि सगळ्यात खाली एक छोटी गाठ, त्या गलबतात जे काही उणं राहिलं असेल त्याची. उणं नसलेलं गलबत माणसाच्या हातून होत नाही, असं तो म्हणायचा. या सगळ्या दोऱ्या गोदीच्या मांडवात टांगलेल्या असायच्या. वारा नसतानाही त्या हलायच्या. ज्या बाजूला गलबत गेलं असेल त्या बाजूला त्याची दोरी जराशी कललेली दिसायची, असं म्हणतात. बायका पाणी भरून येताना मांडवात डोकवायच्या आणि आपला घोव, म्हणजे नवरा, कुठल्या दिशेला आहे ते बघून घरी जायच्या.

मग धाकूने ‘रवळप्रसाद’ बांधायला घेतलं. आमच्या खाडीतलं पहिलं वाफेचं गलबत. पलीकडच्या खाडीतही तसंच एक गलबत उभं राहत होतं, आणि धाकूला आपलं आधी पाण्यात हवं होतं. एवढा शहाणा माणूस, पण इथे घसरला. सगळं झालं, पाण्याखालची एक फळी कमी पडली. तो डोंगरात गेला, एका ऐनाच्या झाडाला मिठी मारली आणि विचारलं. ऐन म्हणाला, “आणखी एक पावसाळा थांब.”

धाकू थांबला नाही. त्याच ऐनाची ओली, न सुकवलेली फळी बसवली. दोरीला खालची गाठ मारली, पण तोंडाने कोणाला काही सांगितलं नाही.

गलबत हाकणारा तांडेल होता गणो, धाकूच्या बहिणीचा, शेवंतीचा नवरा. निघताना त्याने विचारलं, “काय रे इंजनेरा, काय सांगूचा आसा?”

“काय नाय. जा तू,” धाकू म्हणाला.

गलबत मंगळुराकडे कौलं आणायला गेलं. गावातल्या निम्म्या घरांतले पुरुष त्याच्यावर होते.

ते परत येण्याच्या दिवसांत एका दुपारी वारा अगदी पडला. दर्या तेलासारखा शांत. बाकी दोऱ्या गप्प लटकत होत्या, आणि ‘रवळप्रसाद’ची दोरी मात्र खालच्या गाठीतून गळायला लागली. थेंब थेंब, मग धार. शेवंती तिथून चालली होती. तिने बोट लावून जिभेवर ठेवलं. खारट.

“दादा, ही दोरी कित्याक रडता?”

धाकू खाली बसला. तोवर बाकीच्या बायकाही जमल्या होत्या. त्यांच्यासमोर त्याने सांगितलं, “एक फळी ओली आसा. झाड थांब म्हणालेला. मी थांबाक नाय.”

शेवंती रडली नाही. ती म्हणाली, “आधी सांगलं असतंस तर मी घोवाक धाडलंय नसतंय.” मग तिने राळेचं भांडं आणि कापूस उचलून त्याच्या पुढ्यात आपटला. “आता बघत काय रवलंस? बुजव!”

गलबत दर्यात आणि फट बुजवायची मांडवात! पण धाकूने राळेत भिजवलेला कापूस त्या गाठीत ठासला आणि गाठ मुठीत आवळली. तशी दोरी दर्याकडे ओढ घ्यायला लागली. त्याला एकट्याला आवरेना, म्हणून बायकांनी मागून दोरी धरली. दोरीने सगळ्यांना मांडवाबाहेर ओढलं, वाळूवर आणलं, गुडघाभर पाण्यात नेलं. कोणी सोडली नाही. उन्हं कलली तेव्हा दोरी एकदम सैल पडली. ती तुटली की सुटली, ते विचारायची कोणाला हिंमत झाली नाही. त्या तशाच पाण्यात उभ्या राहिल्या.

मग खाडीच्या तोंडाशी धूर दिसला.

गणो उतरला आणि सांगायला लागला. तळात पाणी कमरेपर्यंत चढलं होतं, माणसं देवाचं नाव घेत होती, आणि मग बाहेरून कोणी तरी तळहात लावावा तसं पाणी थांबलं. गलबत वर ओढलं तेव्हा त्या फळीवर राळेत उमटलेला पंजा सगळ्यांनी पाहिला, असं म्हणतात.

धाकूची मूठ मात्र पुन्हा उघडली नाही. गणो त्याला म्हणाला, “इंजनेरा, हात लावलंस ता बरा झाला. पण फुडच्या खेपेक हाताच्या आधी तोंड उघड!” धाकू हसला. त्यानंतर तो डाव्या हाताने पोरांना गलबतं बांधायला शिकवायचा, आणि कोणाचंही गलबत पाण्यात जायच्या आधी त्यातलं उणं सगळ्यांसमोर बोलून दाखवायला लावायचा.

शेवटी एका मोठ्या उधाणाला पाणी मांडवात शिरलं आणि दोऱ्यांसकट धाकूलाही घेऊन गेलं. त्याची स्वतःची दोरी कोणी वळली नव्हती, म्हणून तो कुठल्या दिशेला गेला ते कळलं नाही.

आता लाकडाची गलबतं नाहीत, फायबरच्या होड्या आहेत. पण नवी होडी पाण्यात जायची असेल तर पिंपळाला काथ्याची दोरी बांधतात. नायलॉनची चालत नाही. होडी बांधणारा गाठ मारतो आणि होडीत काय उणं आहे ते मोठ्याने सांगतो. कोणी हसत नाही. तांडेलाची बायको ती गाठ मुठीत धरून म्हणते, “ऐकलंय.” मगच होडी ढकलतात.

मागे एक बाहेरचा कारागीर आला होता. म्हणाला, “माझ्या होडीत काही उणं नाही.” तांडेलाची बायको होडीच्या पुढ्यात मांडी घालून बसली. भरती आली, होडीच्या बुडाला लागली, ओसरायला लागली. ती उठेना. शेवटी तो खाली बघून पुटपुटला, “इंजिनाखालचा एक बोल्ट जुना घातलाय.”

“मोठ्यान सांग,” ती म्हणाली. “धाकूक दर्यातून ऐकाक येऊक होया.”

त्याने मोठ्याने सांगितलं. तिने गाठ मुठीत धरली. आणि पाण्यावर वारा नव्हता, तरी पिंपळावरची दोरी हळूच दर्याकडे कलली.