हौसाईची खरपुडी

फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे माझ्या तोंडात दात होते त्याच्याही आधी, घोरपडकड्यापाशी हौसाई राहायची. नवरा नव्हता. नऊ वर्षांची लेक होती, बायजा. जवळ सरका रे. मागून कोणी धरलं तर माझ्याकडं बघायचं नाही.

तेव्हा कड्यावर खरपुडी रग्गड. वेलाला कंदिलासारखं फूल, मातीत गोड कंद. पोरं कंद उकरून कच्चेच खायची. खाता खाता एका साली एकच वेल उरला. खाली पिकलेल्या शेंगांची जोडी, वर शेवटचं फूल. बायजानं तोच उपटला. कंद खाल्ला, फूल फाडून बघितलं, आत माशी अडकलेली होती, ती चिरडली. तेवढ्यात समोरच्या कपारीतून तिला कोणीतरी नावानं हाक मारली, असं म्हणतात. ती आत गेली.

हौसाई धावत आली. तोवर कपार मिटत आली होती, आत हातसुद्धा जाईना. आतून लेक बोलली, "आई, इथं भिंतींना केस आहेत. आत येताना मऊ होते. बाहेर यायला लागले की टोचतात."

धाकू नावाचा एक गडी होता, गावातला सगळ्यात धीट. त्यानं कपारीत पहार घातली. आतून कोणीतरी ती ओढून घेतली. धाकू म्हणाला, "वैनी, मी दुसरी घेऊन येतो." गेला तो गेलाच.

पण हौसाईला खरपुडी माहीत होती. त्या फुलाच्या नळीतपण असेच उलटे केस. माशी आत जाते, अडकते. चौथ्या दिवशी फूल मान टाकतं, केस सुकतात, आणि माशी डोक्याला पिवळी भुकटी लावून बाहेर येते.

"कड्यानं माशीच्या बदल्यात माझी पोर धरलीय," ती म्हणाली. "इथं परत खरपुडी फुलून सुकली, तरच सोडील."

उपटलेल्या वेलाची एक शेंग तोवर उकलली होती. कापसाच्या शेपटीच्या बिया, आपण म्हातारी म्हणतो त्या, वाऱ्यावर चालल्या होत्या. दुसरी उकलायच्या आत हौसाईनं लुगड्याचा दोरा ओढून तिला करकचून बांधली.

निम्म्या बिया तिनं वांगी लावावीत तशा लावल्या. शेणखत घातलं, पाणी घातलं. सगळ्या कुजल्या. मग उरलेल्या तिनं वाऱ्यानं टाकाव्या तशा कपारीच्या तोंडाशी खडीत टाकल्या, वर चिमूटभर माती. एकच उगवली. पहिल्या साली दोन पानं, कंद मोहरीएवढा. दुसऱ्या साली हरभऱ्याएवढा. तिनं काही उकरून बघितला नाही, आकार मी माझ्या मनानं सांगतेय.

साळिंदर कंद खाईल म्हणून हौसाई कड्यावरच बसली. झोप लागून पडू नये म्हणून कमरेला दोर, दोर दगडाला. पहिल्या साली बायजा आतून म्हणायची, "आई, भूक." दुसऱ्या साली नुसतं, "आई." तिसऱ्या साली शब्द नव्हता. माशीसारखी गुणगुण यायची. हौसाई कपारीला कान लावून ऐकायची आणि वाळत जायची.

भादव्यात फूल आलं. माशी आत गेली. एक दिवस झाला, दोन झाले. तिसऱ्या दिवशी दुपारी असा वारा सुटला की वेल मुळासकट हलायला लागला. बांधायला जवळ दुसरं काही नव्हतं. हौसाईनं कमरेचा दोर सोडला आणि वेल दगडाला बांधला.

पहार आणायला गेलेला धाकू खडकाआड दडून बघत होता. तो मरेपर्यंत सांगायचा, "ती पडली नाही. पदरात वारा भरला आणि ती वर गेली."

चौथ्या दिवशी फुलानं मान टाकली. माशी निघाली. मागनं कपारीतून बायजा निघाली, नऊ वर्षांचीच, केसांत पिवळी भुकटी. तिनं विचारलं, "आई कुठंय?" धाकूनं वर आभाळाकडं बोट केलं.

तेव्हापासून घोरपडकड्यावर कोणी खरपुडी उकरत नाही. शेंगा पिकल्या की बाया वर जातात आणि जोडीतली एक शेंग लुगड्याच्या दोऱ्यानं बांधतात, ती पेरायला. दुसरी सोडून देतात, ती हौसाईची. आणि म्हातारी उडत दारात आली की पोरांनी ती धरायची नाही. तिला सांगायचं, "हौसाई, बायजा घरी आली." तोंडातल्या तोंडात नाही, मोठ्यानं. ती लांब असते, तिला अजून ऐकू गेलेलं नाही.